विद्यार्थीपटातले रिग आणि रंगमंच

रिग म्हणजे संगणकावर घडवलेल्या पात्राच्या आत बसवलेला हाडांचा सांगाडा आणि तो हलवण्यासाठी बाहेर ठेवलेले कंट्रोलर. कळसूत्री बाहुलीत दोऱ्या करतात तेच काम हे कंट्रोलर करतात. पात्र जिथे वावरते तो रंगमंच मोठ्या स्टुडिओत वेगळ्या विभागाकडे असतो. विद्यार्थ्यांच्या दोन-तीन मिनिटांच्या चित्रपटात मात्र दोन्ही कामे बरोबरीने चालली तरच निभावतात. लोटे रायनिगर यांच्या १९२६ च्या ‘द ॲडव्हेंचर्स ऑफ प्रिन्स अख्मेद’ या छायापटात हे नाते उघड दिसते: सांधे तारेने जोडलेल्या कापीव आकृत्या, त्यांच्याखाली प्रकाशलेली काच आणि वर कॅमेरा, असा रिग आणि रंगमंच एकाच टेबलावर होता.

आज विद्यार्थ्यांच्या हाती बहुधा ब्लेंडर असते. २००२ मध्ये मुक्त परवान्याखाली आलेले हे सॉफ्टवेअर फुकट मिळते म्हणून दुय्यम ठरत नाही. २०२५ मध्ये ऑस्कर मिळवणारा लॅटव्हियाचा ‘फ्लो’ त्यातच घडला.

सांगाड्याची सुरुवात कमरेच्या हाडापासून होते. खांदा फिरवला की कोपर, मनगट आणि बोटे मागोमाग जातात. या पद्धतीला एफके (फॉरवर्ड किनेमॅटिक्स) म्हणतात. आयकेमध्ये (इन्व्हर्स किनेमॅटिक्स) उलटे घडते. पाऊल जमिनीवर टेकवून ठेवले की कंबर खाली येताना गुडघा आपोआप वाकतो. म्हणून चालणाऱ्या पात्राच्या पायांना आयके आणि झोके घेणाऱ्या हातांना एफके सोयीचे पडते. पाय अगदी सरळ रेषेत रचला तर गुडघा कुठे वळवायचा हे गणिताला कळत नाही, आणि तो मागेही दुमडू शकतो. रचतानाच त्याला किंचित पुढे बाक देणे हा साधा उपाय, पण पहिल्या रिगमध्ये हमखास विसरला जातो.

पुढचे काम कष्टाचे. पात्राच्या कातडीच्या, म्हणजे जाळीच्या, प्रत्येक बिंदूवर कोणत्या हाडाची किती सत्ता, हे ० ते १ या वजनांनी ठरते. कोपराभोवती जाळीच्या निदान तीन वळ्या हव्यात, नाहीतर वाकताना हात पाण्याच्या नळीसारखा चपटतो. मनगट पिळले की गोळीच्या कागदासारखी गाठ पडते. ती टाळायला पुढच्या हातात पीळ वाटून घेणारी जादा हाडे घालतात. उकिडवे बसवणे, हात डोक्यावर नेणे, मान पूर्ण वळवणे, असल्या टोकाच्या मुद्रांमध्येच खोट दिसते.

तोंडाच्या आकारांना मराठी वर्णमाला उपयोगी पडते. प, ब, भ, म यांना ओठ मिटावेच लागतात, उ-ओ यांना ते गोल होतात. ट किंवा ळ मात्र तोंडाच्या आत घडतात, त्यांना वेगळा आकार लागत नाही.

रंगमंच आधी नुसत्या ठोकळ्यांनी मांडतात, आणि पात्र लगेच त्यात उभे करून पाहतात. मोठ्या डोक्याच्या, आखूड हातापायांच्या पात्राचा हात स्वतःच्या टाळूला पोचत नाही. ४५ सेंटिमीटर उंचीच्या खुर्चीवर बसले की पाय लोंबकळतात. खुर्ची बुटकी करायची की पाय लांबवायचे, हा निर्णय वजने ठरवण्याआधी झाला तर तासाभराचा, नंतर झाला तर आठवड्याचा. ठोकळे पक्के झाल्यावर कॅमेरा लावतात आणि कॅमेऱ्याला दिसेल तेवढेच बारकाईने घडवतात. पात्राचे पाय एकाही दृश्यात दिसत नसतील, तर पायांच्या बोटांचे रिग करण्यात अर्थ नाही.

खर्च चौकटींत मोजावा. सेकंदाला २४ चौकटी धरल्या तर तीन मिनिटांच्या ४,३२० होतात. प्रत्येकीच्या रेंडरला, म्हणजे अंतिम चित्र तयार व्हायला, दोन मिनिटे लागली तर एक संगणक सलग सहा दिवस अडकतो. गवताचे प्रत्येक पाते घडवण्याचा मोह इथे आवरतो.

पात्राची फाइल वेगळी ठेवून ती प्रत्येक दृश्याच्या फाइलला जोडली जाते, म्हणजे रिगमधली एक दुरुस्ती सगळ्या दृश्यांत पोचते. त्यासाठी हाडांची नावे मात्र हालचाली भरण्याआधीच कायम करावी लागतात. नंतर नाव बदलले तर दृश्यांत भरून ठेवलेल्या हालचालींना ते हाड सापडत नाही आणि पात्राचा तेवढा भाग निश्चल राहतो.