गाजरगवत फुलण्याआधी

श्रावण-भाद्रपद आला की कंधारसारख्या गावातील वर्गांत सकाळच्या तासाला शिंकांची माळ लागते. आपण त्याला सर्दी म्हणून सोडून देतो. पण ताप नाही, नाकातून पाण्यासारखा स्राव, डोळ्यांना व टाळूला खाज, आणि दरवर्षी याच दिवसांत हाच त्रास, असे असेल तर परागज्वराची शंका घ्यावी. नाव फसवे आहे, यात ज्वर नसतो. इंग्रजांनी वाळल्या गवताला दोष दिला होता. मँचेस्टरचे डॉक्टर चार्ल्स ब्लॅकली यांना स्वतःलाच हा विकार होता. त्यांनी पराग आपल्याच नाकात व त्वचेवर लावून पाहिले आणि १८७३ साली खरे कारण पुस्तकरूपाने मांडले.

पराग मुळात निरुपद्रवी असतात. पण काहींचे शरीर त्यांना शत्रू समजते व आयजीई नावाची प्रतिपिंडे बनवते. ती नाकाच्या अस्तरातील मास्ट पेशींवर बसून राहतात. पुन्हा तोच पराग आला की या पेशी हिस्टॅमिन सोडतात. खाज, शिंका, पाणी ही बव्हंशी त्याचीच करणी.

आपल्याकडे या पराग सोडणाऱ्यांत गाजरगवत ठळक. मूळचे अमेरिका खंडातले हे झुडूप १९५० च्या दशकात पुण्यात नोंदले गेले. आज बांध, पडीक रान, शाळेचे मैदान, काहीच त्याला वर्ज्य नाही. त्यातील पार्थेनिनमुळे त्वचेला इसब होतो, ती वाट वेगळी. शिंका येतात त्या परागातील प्रथिनांमुळे.

पहिल्या पावसाने उगवलेले रोप महिना-सव्वा महिन्यात फुलते. १६ ते २२ ऑगस्ट हा गाजरगवत जागृती सप्ताह देशभर पाळला जातो, पण तोवर पहिली पिढी फुलावर आलेली असते. तेव्हा मुलांना उघड्या हातांनी उपटायला लावणे म्हणजे त्रास वाटणे होय. उपटायचे ते जुलैत, माती ओली असताना, हातमोजे घालून. आणि ज्यांना शिंका किंवा खाज येते त्यांना या कामातून वगळावे. (पाने खाणारे मेक्सिकन भुंगेरे १९८४ मध्ये भारतात सोडले गेले, ते दिसले तर मारू नयेत.)

घरगुती उपायांत आम्हाला सर्वांत भरवशाचा वाटतो तो मिठाच्या पाण्याने नाक धुणे. पेलाभर पाण्यात अर्धा चहाचा चमचा मीठ. पाणी मात्र उकळून कोमट केलेलेच हवे. कच्च्या पाण्यातील विशिष्ट अमीबा नाकावाटे मेंदूपर्यंत पोचू शकतो. बाहेरून आल्यावर तोंड-हात धुणे, कपडे बदलणे, रुमाल बांधणे यांनी पराग कमी आत जातात. नाकपुडीच्या कडेला तुपाचे बोट लावण्याची जुनी रीत आहे. स्निग्ध थरावर काही पराग अडकतात, इतकाच तिचा अर्थ. वाफेने तात्पुरते मोकळे वाटते, पण लहान मुलांजवळ उकळते पातेले नको. स्थानिक मध खाऊन त्रास जातो, हे आम्हाला पटत नाही. मधमाश्या बहुतेक पराग फुलांतून आणतात आणि शिंका येतात त्या बहुधा वाऱ्यावरच्या परागांनी.

दरवर्षी त्रास होणाऱ्याने ऋतूच्या दोन आठवडे आधीच डॉक्टरांना विचारावे. नाकात मारायचे औषध तेव्हापासून घेतल्यास अधिक उपयोगी पडते. छातीत घरघर किंवा धाप लागली तर ते नाकाचे दुखणे राहिले नाही. काढा उकळत न बसता मुलाला लगेच दवाखान्यात न्यावे.