वरचा मल्ल काम करतो का?

अमेरिकेतील शाळा-कॉलेजांत कुस्तीचा ‘फोकस्टाइल’ हा प्रकार खेळतात. त्यात बऱ्याचदा एक मल्ल हात-गुडघे टेकून खाली असतो व दुसरा त्याला मागून धरून वर असतो. खालचा निसटला तर त्याला 1 गुण. कॉलेजच्या लढतीत वर राहिल्याचा वेळही मोजतात. तो प्रतिस्पर्ध्यापेक्षा किमान 1 मिनिट जास्त भरला, तर 1 गुण मिळतो. मग नुसते दाबून बसावे, नाही का?

नाही. उलटवून पाठीवर आणण्याचा प्रयत्न वरच्याने चालू ठेवला पाहिजे. नाहीतर पंच त्याला ‘स्टॉलिंग’, म्हणजे वेळकाढूपणा ठरवतात. आधी ताकीद, नंतर प्रतिस्पर्ध्याला गुण.

पंचांनी हे ओळखायचे कसे? विस्थापन नसेल तर कार्य शून्य, हे आपण शिकवतो. पण भरलेली बादली हातात स्थिर धरली तरी स्नायूंची ऊर्जा खर्च होतेच. म्हणजे घाम हा पुरावा नव्हे. पाहायची ती बलाची दिशा.

खालच्याला चार आधार आहेत. वजन सरळ खाली दाबले तर चारही टिकतात. मात्र त्याचा एक हात ओढून घेऊन त्याच कोपऱ्याकडे रेटा दिला, की गुरुत्वमध्यातून जाणारी उभी रेषा उरलेल्या तीन आधारांच्या त्रिकोणाबाहेर पडते आणि शरीर कलंडते. सतरंजीवर ओणवे होऊन, एक हात उचलून, त्या बाजूला हळूच झुकून पाहा.

अडचण एकच. खालच्याने तोल सावरला, तर खरा प्रयत्नही बाहेरून स्तब्धच दिसतो. म्हणून स्टॉलिंगचा निर्णय घड्याळावर सोपवता येत नाही. तिथे जाणता पंचच लागतो.