बाळंतपणाची पिशवी : आधी कागद, मग कपडे

नववा महिना लागला, की घरातील वडीलधाऱ्या स्त्रिया जुन्या मऊ साड्या शोधू लागतात, दुपटी शिवायला घेतात, डिंक आणि अळीव आणून ठेवतात. मात्र रुग्णालयात न्यावयाची पिशवी पुष्कळ घरांत कळा सुरू झाल्यावरच भरली जाते. मध्यरात्री कपाट उघडायचे, हाताला लागेल ते कोंबायचे आणि रिक्षा शोधायला धावायचे, असा हा प्रकार असतो. अशा गडबडीत झबली-टोपरी सहसा राहत नाहीत. राहते ती तपासण्यांची फाईल. दुपटे तासाभराने घरून आणता येते. रक्तगटाचा किंवा सोनोग्राफीचा अहवाल हाताशी नसेल, तर डॉक्टरांना सुरुवातीपासून तपासण्या कराव्या लागतात आणि त्यात मोलाचा वेळ जातो.

प्रसूतीच्या वेळी माता का दगावतात, याचा विचार करताना थॅडियस आणि मेन या दोन अभ्यासकांनी १९९४ मध्ये 'तीन विलंबां'ची मांडणी केली. रुग्णालयात जाण्याचा निर्णय घेण्यास होणारा उशीर हा पहिला, तेथे पोहोचण्यास लागणारा उशीर दुसरा आणि पोहोचल्यावर योग्य उपचार मिळण्यास होणारा उशीर तिसरा. वेळेत भरलेली पिशवी हे तिन्ही विलंब थोडेथोडे कमी करते. म्हणूनच ती केवळ सामानाची बाब नाही.

येरवड्याचेच उदाहरण घ्यावे. पुणे महापालिकेचे राजीव गांधी रुग्णालय येरवड्यातच आहे. ससून सर्वोपचार रुग्णालय मात्र मुळा-मुठा ओलांडून, पुणे रेल्वे स्थानकाजवळ. अंतर चार-पाच किलोमीटरचेच; पण संध्याकाळी नगर रस्त्यावरील आणि पुलावरील वाहतुकीत ते मोठे होते. नाव एका ठिकाणी नोंदवले असले, तरी गुंतागुंत उद्भवल्यास दुसऱ्या मोठ्या रुग्णालयात जावे लागू शकते. तेथील डॉक्टरांनी त्या गर्भवतीला पूर्वी पाहिलेले नसते. नऊ महिन्यांची हकिकत त्यांना सांगते ती फाईलच.

दाट वस्तीतील बोळांत रुग्णवाहिका दारापर्यंत येऊ शकत नाही. १०८ क्रमांकावर दूरध्वनी करताना गुंजन चौक किंवा पर्णकुटी चौक अशी ठळक खूण सांगावी आणि घरातील एकाने बोळाच्या तोंडाशी उभे राहावे. पिशवी कोण उचलणार, मोठ्या मुलाला कोणाकडे ठेवणार, हेही आधीच ठरलेले असावे.

पिशवी केव्हा भरावी?

३६ वा आठवडा संपण्यापूर्वी पिशवी तयार असावी. जुळी बाळे, वाढलेला रक्तदाब किंवा पूर्वीचे अपुऱ्या दिवसांचे बाळंतपण असल्यास डॉक्टरांना विचारून ती त्याहूनही आधी भरावी.

फाईलमध्ये काय असावे?

माता व बालसंरक्षण कार्ड सर्वांत वर ठेवावे. त्याखाली रक्तगट, हिमोग्लोबिन, साखर, एचआयव्ही व काविळीच्या तपासण्यांचे अहवाल, सोनोग्राफीचे कागद आणि चालू औषधांची चिठ्ठी तारखेप्रमाणे लावावी. आईचा रक्तगट आरएच निगेटिव्ह असेल, किंवा एखाद्या औषधाची अॅलर्जी असेल, तर ते फाईलच्या पहिल्या पानावर ठळक अक्षरांत लिहावे. आधार कार्ड, शिधापत्रिका व बँकेचे पासबुक यांच्या छायाप्रती सोबत असाव्यात. विमा असल्यास त्याचे कार्डही घ्यावे.

शासकीय रुग्णालयातील प्रसूतीसाठी २०११ पासून जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रम लागू आहे. त्यानुसार नैसर्गिक प्रसूती तसेच सिझेरियन, औषधे, तपासण्या, रक्त, आहार आणि घरून नेण्या-आणण्याची वाहतूक मोफत मिळणे हा मातेचा हक्क आहे. हा हक्क माहीत असणे, हीदेखील तयारीच होय.

फाईलमध्ये आणखी एक चिठ्ठी ठेवावी. बाळाच्या जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत व्हावी लागते. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बालकांसाठी महाराष्ट्रातील शासकीय कागदपत्रांत बालकाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव व आडनाव असा क्रम ठरवण्यात आला आहे. त्यामुळे आई-वडिलांची नावे आधार कार्डावर आहेत तशीच, मराठी व इंग्रजी स्पेलिंगसह लिहून ठेवावीत. घाईत सांगितलेल्या नावातील एका अक्षराची चूक पुढे शाळेच्या दाखल्यापर्यंत त्रास देते.

आईसाठी

पुढून उघडणारे दोन-तीन सुती गाऊन, जाड सॅनिटरी पॅड, अंतर्वस्त्रांचे चार-पाच जोड, टॉवेल, न घसरणाऱ्या चपला, शाल, कंगवा, दात घासण्याचे साहित्य, पेला, चमचा आणि पाण्याची बाटली एवढे पुरते. नैसर्गिक प्रसूतीनंतर साधारण दोन दिवस आणि सिझेरियननंतर त्याहून अधिक दिवस राहावे लागते. तेव्हा कपड्यांचा दुसरा संच वेगळ्या पिशवीत घरीच भरून ठेवावा; गरज पडल्यास कोणीही तो घेऊन येऊ शकतो. दागिने घरी ठेवावेत. नखांना रंग लावलेला असल्यास तो काढावा, कारण रक्तातील प्राणवायू मोजण्याचे यंत्र बोटालाच लावतात.

बाळासाठी

बाळ जन्मण्यापूर्वी नवे कपडे आणू नयेत, पहिल्यांदा जुनेच घालावेत, अशी अनेक घरांत रीत आहे. ही रीत पाळण्यास काहीच हरकत नाही. अनेकदा धुतलेले सुती कापड नाजूक त्वचेला सोसते. बाळाला पुसण्यासाठी दोन स्वच्छ कापडे, पाच-सहा बांधायची झबली, डझनभर लंगोट, टोपरी, मोजे आणि चार दुपटी धुऊन, उन्हात वाळवून कोरड्या पिशवीत बांधून ठेवावीत. जन्मल्यावर बाळाचे अंग लवकर थंड पडते. म्हणून एक टोपरे व दोन दुपटी अगदी वर, चटकन हाताला लागतील अशी असावीत.

काय नेऊ नये, तेही तितकेच महत्त्वाचे. मध, गुटी, दुधाची बाटली, पावडर आणि काजळ यांना पिशवीत जागा नाही. मधातील जिवाणूंमुळे तान्ह्या बाळाला गंभीर विषबाधा होऊ शकते, म्हणून वर्षाच्या आतील मुलाला तो देऊच नये. जन्मानंतर तासाभरात आईचे दूध पाजणे हेच बाळाचे खरे पहिले चाटण.

सोबत जाणाऱ्यासाठी

सोबतीला कोण जाणार, हे एकच नाव ठरवावे. त्या व्यक्तीजवळ सुटे पैसे, मोबाईलचा चार्जर, थोडे खाणे आणि कागदावर लिहिलेले महत्त्वाचे दूरध्वनी क्रमांक असावेत. बॅटरी संपली, की मोबाईलमधील नावे कामी येत नाहीत. वेळ आल्यास रक्त देऊ शकतील अशा दोन-तीन परिचितांची नावे व त्यांचे रक्तगट त्याच कागदावर असावेत.

पिशवी तयार असली, तरी निघायचे केव्हा, हे साऱ्या घराला ठाऊक हवे. पाणी जाऊ लागले, रक्तस्राव झाला, बाळाची हालचाल मंदावली, डोके फार दुखून डोळ्यांपुढे अंधारी आली किंवा कळा नियमित येऊन त्यांतील अंतर कमी होत गेले, तर सकाळची किंवा घरातील कर्त्या माणसाची वाट पाहू नये. फाईल आणि पिशवी दाराजवळ, सर्वांना दिसेल अशा जागी टांगलेली असावी. घरात कोणीही असले, तरी ती उचलून त्याला लगेच निघता आले पाहिजे.