वरच्या दाढेवरची माडी

वरच्या जबड्यातील दाढ काढताना तिच्या मुळाचा तुकडा, मूळ साफ करण्याची बारीक सुई, ड्रिलचे टोक किंवा कृत्रिम दातासाठी बसविलेला धातूचा स्क्रू कधी कधी वर निसटतो. ‘वर’ म्हणजे कोठे, हे ठाऊक नसल्याने रोगी घाबरतो. म्हणून तेथील रचना समजून घेतलेली बरी.

नाकाच्या दोन्ही बाजूंस वरच्या जबड्याच्या हाडात एकेक पोकळी असते. तिला सायनस म्हणतात. प्रौढ माणसात तिचे आकारमान सुमारे १५ घन सेंटिमीटर असते. दाढा ही खालची खोली मानली, तर तिची तक्तपोशी हीच या माडीची जमीन होय. काहींच्या बाबतीत ही जमीन पापुद्र्याएवढी पातळ असते. मुळावर वरच्या दिशेने जोर पडला की ती फुटते.

इंग्रज वैद्य नाथानिएल हायमोर याने १६५१ साली या पोकळीचे वर्णन प्रसिद्ध केले. त्याच्या एका रुग्ण स्त्रीने काढलेल्या सुळ्याच्या छिद्रातून पिसाची काडी आत सरकविली. ती बरीच आत गेलेली पाहून ‘मेंदूत पोचली’ म्हणून ती भयभीत झाली. वस्तुतः ती काडी या पोकळीतच वळली होती.

मेंदूत शिरली नाही, एवढ्यावर मात्र निश्चिंत राहू नये. पोकळीच्या अस्तरावरील सूक्ष्म केस तेथील ओलावा वरच्या बाजूच्या एका लहानशा छिद्राकडे, तेथून नाकात, लोटीत असतात. अडकलेल्या वस्तूमुळे या कामात अडथळा येऊन जंतूंना घर मिळते. मग एकाच नाकपुडीतून दुर्गंधी स्राव, गालात जडपणा, चूळ भरताना नाकातून पाणी येणे, अशी लक्षणे दिसतात. कधी ती महिन्यांनी उद्भवतात.

अशा वेळी दंतवैद्याने हात थांबवावा. अंधारात चाचपडल्याने वस्तू अधिकच आत जाते. प्रथम क्ष-किरण चित्र घेऊन जागा निश्चित करावी. वस्तू काढण्यासाठी ओठामागील हाडात खिडकी पाडण्याची पद्धत अमेरिकेतील कॉल्डवेल याने १८९३ साली आणि फ्रान्समधील ल्यूक याने १८९७ साली मांडली. आता पुष्कळदा नाकातून दुर्बीण घालूनही हे काम होते. तोवर रोग्याने नाक जोराने शिंकरू नये, शिंक आल्यास तोंड उघडे ठेवावे व धूम्रपान टाळावे.

औषधाइतकेच महत्त्व येथे सत्य सांगण्याला आहे. वैद्याने झालेली गोष्ट रोग्यापासून लपवू नये. रोग्यानेही ‘दुखत नाही ना, मग राहू द्या’ असे म्हणू नये. वेळीच कळलेला अपघात सहसा थोडक्यात निभावतो. झाकलेला मात्र पुढे चिघळतो.