शेजार टिकवणारे शहर : ओहायोतील शेकर हाइट्स

अमेरिकेतील उपनगर म्हटले की सारख्या घरांच्या रांगा, कापलेली हिरवळ आणि दारात उभ्या मोटारी असे चित्र डोळ्यांसमोर येते. त्या चित्रामागे एक इतिहासही असतो. विसाव्या शतकात अमेरिकेतील बहुतेक उपनगरे गोऱ्या लोकांसाठी वसवली गेली आणि कृष्णवर्णीय कुटुंबांना तेथे घर मिळू नये याची काळजी बिल्डर, बँका व सरकार या तिघांनीही घेतली. पुढे कायदे बदलले, तेव्हा अनेक ठिकाणी एक कृष्णवर्णीय कुटुंब राहायला आले की गोऱ्यांनी घरे विकून काढता पाय घ्यायचा, असे घडत गेले. ओहायो राज्यातील क्लीव्हलंड महानगराच्या पूर्वेला लागून असलेल्या शेकर हाइट्स या छोट्या शहराने या प्रवाहाविरुद्ध जाण्याचा प्रयत्न केला. सुमारे सोळा चौरस किलोमीटरच्या या शहराची लोकसंख्या २०२० च्या जनगणनेनुसार २९,४३९ आहे. त्यात निम्म्याहून अधिक लोक गोरे आणि सुमारे एक तृतीयांश कृष्णवर्णीय आहेत. हे प्रमाण आपोआप टिकलेले नाही.

शेकर पंथाची जमीन, दोन भावांचे स्वप्न

शहराचे नाव एका धर्मपंथावरून पडले. शेकर पंथीयांनी १८२२ मध्ये येथे वसाहत स्थापन केली. ब्रह्मचर्य, सामूहिक मालमत्ता आणि कष्ट ही त्यांच्या जीवनाची सूत्रे होती. त्यांनी डोन ओढ्यावर बांध घालून गिरण्यांसाठी तलाव केले. ब्रह्मचर्यामुळे पंथाची वाढ नव्या अनुयायांवरच अवलंबून होती. ते येईनासे झाले आणि १८८९ मध्ये वसाहत बंद पडली.

पुढे ओरिस आणि मँटिस व्हॅन स्वेरिंजन या अविवाहित भावांनी ही जमीन घेऊन आखीव उपनगर उभारण्याचा घाट घातला. वळणदार रस्ते, राखून ठेवलेली उद्याने, प्रत्येक वस्तीच्या मध्यभागी प्राथमिक शाळा, आणि घराची शैली कोणती, विटांचा रंग कोणता यांविषयीही नियम अशी त्यांची शिस्त होती. शहराच्या नऊ वस्त्या आजही शाळांच्या नावांनी ओळखल्या जातात. घरे विकली जायची तर क्लीव्हलंडच्या मध्यभागी लवकर पोहोचता आले पाहिजे, हे भावांच्या लक्षात आले होते. लोहमार्गासाठी हवी ती पट्टी मिळवण्याकरिता त्यांनी १९१६ मध्ये 'निकेल प्लेट' ही अख्खी रेल्वे कंपनीच विकत घेतली. १९२० मध्ये शेकर रॅपिड ही जलद गाडी सुरू झाली. १९२० मध्ये अवघी १,६१६ असलेली लोकसंख्या १९३० मध्ये १७,७८३ वर गेली आणि १९३१ मध्ये या गावाला शहराचा दर्जा मिळाला. महामंदीत भावांचे साम्राज्य कोसळले. १९३५ व १९३६ मध्ये दोघेही लागोपाठ वारले. रेल्वेमार्ग मात्र आजही चालू आहे.

या शिस्तीची काळी बाजूही होती. १९२५ मध्ये एका कृष्णवर्णीय डॉक्टरांनी येथे घर घेतले, तेव्हा त्यांच्यावर हल्ले झाले. त्यानंतर कंपनीने खरेदीखतांत एक अट घालायला सुरुवात केली. कंपनीच्या लेखी संमतीशिवाय घर विकता किंवा भाड्याने देता येणार नाही, अशी ती अट होती. तिच्यात वर्णाचा उल्लेख नव्हता, पण तिचा अर्थ सर्वांना ठाऊक होता. वर्णभेदी करारांची न्यायालयांमार्फत अंमलबजावणी करता येणार नाही, असा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९४८ मध्ये दिला आणि या भिंतीला पहिली भेग पडली.

स्फोटानंतरची बैठक

क्लीव्हलंड आणि शेकर हाइट्स यांच्या सीमेवरील लडलो ही वस्ती या बदलाची पहिली कसोटी ठरली. जानेवारी १९५६ मध्ये तेथे एका कृष्णवर्णीय वकिलाच्या बांधकाम चालू असलेल्या घराच्या गॅरेजमध्ये बॉम्बस्फोट झाला. अशा वेळी पळापळ होणे हा तेव्हाचा रिवाज होता. लडलोतील काही गोऱ्या आणि कृष्णवर्णीय कुटुंबांनी मात्र एकमेकांच्या दिवाणखान्यांत बैठका घ्यायला सुरुवात केली. त्यातून १९५७ मध्ये 'लडलो कम्युनिटी असोसिएशन' ही संस्था उभी राहिली.

संस्थेपुढचा प्रश्न नैतिक तेवढाच आर्थिकही होता. वस्तीत आता केवळ कृष्णवर्णीयच घरे घेणार, अशी हवा निर्माण झाली की दलाल गोऱ्या ग्राहकांना तेथे नेणे बंद करत, घरमालक भीतीने स्वस्तात घरे विकत आणि भाकीत स्वतःच खरे ठरे. हे चक्र तोडण्यासाठी संस्थेने दलालांचे काम स्वतःच्या अंगावर घेतले. घरे दाखवणे, वस्तीची माहिती देणे, सुरुवातीच्या रकमेसाठी पूरक कर्ज देणे अशी कामे स्वयंसेवक करू लागले. शेजारच्या वस्त्यांनीही हा कित्ता गिरवला. पुढे शहर आणि शाळामंडळ यांच्या आधाराने गृहनिर्माण कार्यालय सुरू झाले. १९८६ मध्ये एक स्वतंत्र निधी स्थापन करण्यात आला. ज्या वस्तीत आपल्या वर्णाचे लोक कमी आहेत, तेथे घर घेणाऱ्या कुटुंबांना, मग ती गोरी असोत वा कृष्णवर्णीय, त्यातून सवलतीचे कर्ज मिळे.

या धोरणावर टीकाही झाली आणि ती अनाठायी नव्हती. मिश्र वस्तीत गोरे टिकावेत यासाठी गोऱ्या ग्राहकांना तेथे आणायचे आणि कृष्णवर्णीयांना मात्र दुसरीकडे वळवायचे, ही कसली समता, असा प्रश्न कृष्णवर्णीय रहिवाशांनी विचारला. १९७६ मध्ये क्लीव्हलंडच्या कृष्णवर्णीय वस्तीकडून येणाऱ्या काही रस्त्यांवर शहराने अडथळे उभारले. रहदारी कमी करण्यासाठी हे केले, असे शहराचे म्हणणे होते. पलीकडच्या लोकांना ती सरळसरळ भिंत वाटली.

शाळा : खरी परीक्षा

घर घेणारे कुटुंब आधी शाळा पाहते, हे शेकर हाइट्सने लवकर ओळखले. येथील मालमत्ता कर ओहायोत सर्वाधिक करांपैकी एक आहे. त्याचा मोठा वाटा शाळांकडे जातो आणि वाढीव करासाठी मतदारांची संमती वेळोवेळी घ्यावी लागते. १९७० मध्ये शाळामंडळाने मोरलँड या प्रामुख्याने कृष्णवर्णीय मुलांच्या शाळेतील विद्यार्थ्यांना बसने इतर शाळांत पाठवण्याची योजना मांडली. ओझे एकाच बाजूने का वाहायचे, असा प्रश्न पुढे आला. त्यानंतर योजना ऐच्छिक आणि दुतर्फा झाली. अनेक गोऱ्या पालकांनी आपली मुले मोरलँडला पाठवली. १९८३ मध्ये माध्यमिक शाळेच्या विद्यार्थ्यांनी वर्णसंबंधांवरील गट स्थापन केला. मोठी मुले लहान वर्गांत जाऊन भेदभाव, मैत्री आणि गटबाजी यांविषयी बोलतात. हा उपक्रम अनेक पिढ्यांच्या आठवणीचा भाग झाला आहे.

तरीही एकाच शाळेच्या इमारतीत दोन शाळा भरत राहिल्या. वरच्या श्रेणीच्या वर्गांत बहुतेक गोरी मुले, साध्या वर्गांत बहुतेक कृष्णवर्णीय मुले, असे चित्र दिसे. या दरीचे कारण शोधण्यासाठी कृष्णवर्णीय पालकांनीच १९९७ मध्ये बर्कले येथील मानववंशशास्त्रज्ञ जॉन ओग्बू यांना बोलावले. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पुस्तकात विद्यार्थ्यांच्या व पालकांच्या अभ्यासातील अपुऱ्या सहभागावर भर होता. शाळेची व्यवस्था आणि शिक्षकांच्या अपेक्षा यांकडे त्यांनी पुरेसे लक्ष दिले नाही, असा प्रतिवाद झाला. अखेर २०२० मध्ये, साथीच्या काळात, शाळांनी अनेक इयत्तांतील श्रेणीनिहाय वर्ग एकत्र केले. त्यावरही मतभेद आहेत. हुशार मुलांचे नुकसान होईल, असे काहींना वाटते. इतकी वर्षे नुकसान कोणाचे झाले, असे इतर विचारतात.

तलावाकाठची लढाई

शेकर हाइट्सची सामाजिक वीण केवळ वर्णप्रश्नाभोवती विणलेली नाही. १९६० च्या दशकात शेकर तलावांच्या परिसरातून द्रुतगती महामार्ग नेण्याची योजना आली. परिसरातील बागकाम मंडळांच्या महिलांनी तिच्याविरुद्ध आघाडी उघडली. महामार्गाच्या नियोजित मार्गातच १९६६ मध्ये निसर्गकेंद्र उभे राहिले आणि १९७० मध्ये राज्याने योजना सोडून दिली. शेकर पंथीयांनी केलेल्या त्या तलावांभोवती आज लोक फिरायला जातात. हॉर्सशू तलावाचा बांध धोकादायक ठरल्याने तो रिकामा करावा लागला, तेव्हा बांध दुरुस्त करावा की ओढा पूर्ववत वाहू द्यावा, यावर गावात तितक्याच हिरिरीने वाद झाले.

याच शहरात वाढलेल्या सेलेस्ट इंग यांनी आपल्या २०१७ मधील कादंबरीची पार्श्वभूमी म्हणून शेकर हाइट्स निवडले. आपण चांगले आहोत, या समाधानाखाली दडलेले प्रश्न हा तिचा विषय होता. २०२० मध्ये तिच्यावर दूरचित्रवाणी मालिका आली आणि शहराचे नाव जगभर पोहोचले.

शेकर हाइट्सने वर्णभेदाचा प्रश्न सोडवला, असे म्हणता येणार नाही. येथील गोऱ्या आणि कृष्णवर्णीय कुटुंबांच्या उत्पन्नातील व संपत्तीतील अंतर मोठे आहे आणि शाळेतील दरीची मुळे बऱ्याच अंशी त्यात आहेत. पण जवळपास सत्तर वर्षे हे शहर त्या प्रश्नाकडे पाठ फिरवून निघून गेले नाही. क्लीव्हलंडच्या भोवतालची कित्येक उपनगरे काही वर्षांत गोऱ्यांनी रिकामी केली. येथे लोक थांबले, भांडले, कर भरत राहिले आणि पुन्हा बैठकीला आले. कायद्याने दार उघडता येते. आत आलेल्या दोघांनी एकमेकांचे शेजारी व्हायचे, तर ते काम प्रत्येक पिढीला नव्याने करावे लागते, एवढा धडा या छोट्या शहराने निश्चित घालून दिला आहे.