पुणतांब्याची गोदावरी

नाशिक जिल्ह्यातील त्र्यंबकेश्वराजवळ ब्रह्मगिरी पर्वतावर गोदावरी उगम पावते. तेथून पश्चिमेचा समुद्र जेमतेम ८० किलोमीटर दूर आहे. परंतु दख्खनचे पठार पूर्वेकडे कलते असल्यामुळे ही नदी त्या जवळच्या सागराकडे पाठ फिरविते आणि सुमारे १,४६५ किलोमीटरांचा प्रवास करून बंगालच्या उपसागराला मिळते. या प्रवासाच्या आरंभीच्या टप्प्यात, तिच्या उजव्या तीरावर, अहिल्यानगर जिल्ह्यातील पुणतांबा हे गाव लागते.

गाव जुने आहे. योगी चांगदेवांची समाधी येथेच आहे. चांगदेवांनी ज्ञानेश्वरांना कोरे पत्र पाठविले आणि त्याचे उत्तर ज्ञानेश्वरांनी पासष्ट ओव्यांत दिले, ही कथा तुम्ही ऐकली असेल. अहिल्याबाई होळकरांनी येथे घाट बांधविला. पुढे १८७८ साली दौंड-मनमाड लोहमार्ग सुरू झाला, आणि आता शिर्डीला जाणारा फाटाही येथूनच निघतो.

नदी दाराशी असली म्हणजे पाण्याचा तोटा नसणार, असे कोणालाही वाटेल. वस्तुस्थिती तशी नाही. घाटमाथ्यावर इगतपुरीला वर्षाकाठी ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. पुणतांब्याच्या परिसरात तो सुमारे ५०० मिलिमीटरच पडतो. शिवाय नदीचे पात्र खोल आणि काठ उंच. पाणी डोळ्यांना दिसे, पण शेतात चढत नसे. शेतकऱ्याची सारी भिस्त विहिरीवर आणि बैलांच्या मोटेवर असे. १८७६-७७ आणि १८९९-१९०० या वर्षींच्या दुष्काळांत तर दख्खनमधील कित्येक विहिरी आटल्या व असंख्य गुरे दगावली.

यावर जो उपाय निघाला, तो मोठा युक्तीचा आहे. येथून सुमारे ६० किलोमीटर वर, गोदावरी व कादवा यांच्या संगमाशी, नांदूरमधमेश्वर येथे विसाव्या शतकाच्या आरंभी बंधारा घालण्यात आला. पावसाचे पाणी साठविण्यासाठी दारणा नदीवर धरण बांधले गेले. बंधाऱ्याच्या दोन्ही अंगांनी कालवे काढले. नदीचा उतार अधिक, तर कालव्याचा उतार मुद्दाम अगदी कमी ठेवलेला. म्हणून जसजसे पुढे जावे तसतशी नदी खाली राहते आणि कालवा उंचावरून वाहतो. मग पाणी उपसावे लागत नाही. ते आपल्या आपण शेतात उतरते. पुणतांब्याच्या शिवाराला गोदावरीचे पाणी मिळते ते असे, घाटावरून नव्हे, तर उजव्या कालव्याने.

कालव्यामागून ऊस आला, उसामागून साखर कारखाने आले. मात्र काळ्या जमिनीला बेसुमार पाणी पाजल्याने काही ठिकाणी क्षार वर आले आणि चांगली शेते चोपण झाली. पाण्याचा निचरा हाही पाण्याइतकाच महत्त्वाचा, हे त्या शेतकऱ्यांना फार किंमत देऊन कळले.

पुढे १९७६ साली पैठणजवळचे जायकवाडी धरण पूर्ण झाले, आणि एकाच नदीवर दोन प्रदेशांचा हक्क उभा राहिला. मराठवाड्याची तहान या धरणावर अवलंबून आहे. नाशिक व अहिल्यानगरची शेती वरच्या धरणांवर. पाऊस कमी झाला की पाणी कोणाला किती, हा वाद शासनाकडे आणि न्यायालयापर्यंत जातो. कोणाचीच गरज खोटी नसल्याने तो सोपा नाही. उजव्या कालव्याच्या शेवटाकडील गावांची अडचण आणखी निराळी. पाणी आधी वरच्या शेतांना मिळते, आणि टोकापर्यंत पोहोचताना त्याची धार बारीक झालेली असते.

जायकवाडीत साठा कमी असेल त्या वर्षी वरच्या धरणांतून नदीत पाणी सोडतात. ते वाटेत अडू नये म्हणून बंधाऱ्यांच्या फळ्या काढून ठेवतात आणि काठावरील पंपांची वीजही बंद करतात. त्या दिवसांत पुणतांब्याच्या घाटाशी नदी भरून वाहत असते, आणि ते पाणी पैठणकडे जाताना काठावरचे शेतकरी पाहत उभे राहतात.