कळा सुरू होण्याआधी

1971 च्या सुमारास अहिल्यानगर जिल्ह्यातल्या जामखेड परिसरातल्या खेड्यांत जन्मणाऱ्या दर हजार मुलांपैकी 176 मुले वर्षाच्या आत दगावत. बाळंतपण घरातच, आडोशाच्या खोलीत होई. नाळ कापायला विळा किंवा हाताशी असेल ते पाते वापरले जाई आणि त्यातून धनुर्वात होई. पोटातले बाळ मोठे झाले तर बाई अडेल, या भीतीने गरोदर बाईला पोटभर जेवू देत नसत. बाळंतीण झाल्यावर पहिला चीक पिळून टाकायचा आणि बाळाला दोन-तीन दिवस अंगावर पाजायचे नाही, हीच रीत होती.

डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे दाम्पत्य 1970 मध्ये जामखेडला आले, ते वेल्लोरचे वैद्यकीय आणि अमेरिकेतले सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन. मोठे हॉस्पिटल उभारून रुग्णांची वाट पाहण्यापेक्षा त्यांनी गावाने निवडलेल्या बायकांना शिकवायला घेतले. त्यांतल्या बहुतेक जणी निरक्षर होत्या आणि कित्येक दलित वस्तीतल्या. त्या जामखेडला येत, शिकत आणि गावी परतून तेच घरोघर सांगत. गरोदर बाईने काय खावे, धनुर्वाताचे इंजेक्शन का घ्यावे, नाळ कशाने कापावी, कोणत्या बाईला वेळ न घालवता दवाखान्यात न्यावे, हे सारे त्या बायकांच्या तोंडी बसले. 1990 च्या दशकात याच गावांतला बालमृत्यूदर हजारी तीसच्या आत आला होता. या कामासाठी आरोळे दाम्पत्याला 1979 मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

आता चित्र पालटले आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 च्या फेरीनुसार महाराष्ट्रात सुमारे 95 टक्के बाळंतपणे दवाखान्यात होतात. तरीही पहिलटकरणीच्या घरात नवव्या महिन्यात जो गोंधळ उडतो, त्याचे कारण जुनेच आहे. कळा सुरू होण्याआधी ठरवायच्या गोष्टी कळा सुरू झाल्यावर ठरवल्या जातात.

पहिला प्रश्न माहेरचा. पहिले बाळंतपण माहेरी, ही रीत अहिल्यानगर जिल्ह्यात अजून टिकून आहे. नोंदणी आणि तपासण्या सासरी श्रीरामपूरला, बाळंतपण मात्र कर्जतच्या माहेरी, असे सहज होऊ शकते. क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठ्या असलेल्या या जिल्ह्यात हे अंतर थोडेथोडके नाही. म्हणून डोहाळजेवण उरकून माहेरी निघताना ओटीच्या सामानाबरोबर माता-बाल संरक्षण कार्ड, सोनोग्राफीचे आणि रक्ताचे रिपोर्ट, आधार कार्ड आणि बँकेचे पासबुक पिशवीत पडायला हवे. माहेरच्या डॉक्टरांना एकदा आधीच भेटून यावे. दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यांत प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात गरोदर स्त्रियांची मोफत तपासणी होते. त्या दिवशी हिमोग्लोबिन, रक्तदाब आणि बाळ डोक्याकडून आहे की पायाळू, एवढे तरी विचारून घ्यावे.

दुसरा प्रश्न गाडीचा. रात्री दोन वाजता कोणाची गाडी निघणार, हे आधी ठरलेले हवे. 102 आणि 108 हे दोन्ही नंबर घरातल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये असावेत. 2011 पासून लागू असलेल्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमानुसार सरकारी दवाखान्यात बाळंतपण मोफत होते. त्यात सिझेरियन, औषधे, रक्त, जेवण आणि ने-आण सगळे येते. लागलेच तर रक्त कोण देणार, सही करायला कोण थांबणार, हेही बोलून ठेवावे.

मग कळा. शेवटच्या आठवड्यांत पोट मधूनमधून कडक होते आणि विश्रांती घेतली की सैल पडते. या कळा खऱ्या नव्हेत. खऱ्या कळा ठरावीक अंतराने येतात, हळूहळू जवळ येतात, जोर धरतात आणि चालल्या-फिरल्याने थांबत नाहीत. कळा पाच-पाच मिनिटांवर आल्या, मिनिटभर टिकू लागल्या आणि तासभर तसेच चालले, की निघायचे. दवाखाना लांब असेल तर त्याही आधी. पाणी गेले, अंगावरून रक्त गेले, बाळाची हालचाल मंदावली, डोके ठणकून डोळ्यांपुढे अंधारी आली किंवा झटका आला, तर कळांची वाट पाहायची नाही.

पहिल्या खेपेला वेळ लागतो, हे कुटुंबाने समजून घेतले तर निम्मी घाबरगुंडी उडतच नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2018 च्या मार्गदर्शनानुसार गर्भाशयाचे तोंड 5 सेंटिमीटर उघडल्यावर खरा वेग येतो. तिथून पुढे पहिलटकरणीला साधारण 12 तासांपर्यंत आणि जोर लावण्याच्या टप्प्यात 3 तासांपर्यंत लागू शकतात. या वेळात बाईने आडवे पडूनच राहावे असे नाही. तिने चालावे, पाणी प्यावे, कुशीवर व्हावे. जवळ विश्वासाचे माणूस असले तर बाळंतपण सुकर होते, म्हणून सरकारी दवाखान्यांतही सोबतीण ठेवायला 2016 मध्ये केंद्राने मुभा दिली. सोबतीला आई, सासू की जाऊ, हे बाळंत होणाऱ्या बाईने आधी सांगून ठेवावे. नवऱ्याच्या वाट्यालाही बाहेर फेऱ्या मारण्यापलीकडे काम आहे. कागद सांभाळणे, डॉक्टरांचे ऐकून घेणे आणि दारात जमलेल्या नातेवाइकांना आवरणे हे त्याने करावे.

महाराष्ट्रात चारांतले एक बाळंतपण सिझेरियनने होते. तेव्हा ऑपरेशन कशासाठी लागू शकते, हा प्रश्न शेवटच्या तपासणीतच विचारलेला बरा.

बाळ आले की कोरडे करून आईच्या छातीशी ठेवायचे, नाळ लगेच कापण्याची घाई करायची नाही आणि तासाभरात अंगावर पाजायचे. मध, साखरपाणी, गुटी काही नको. चीक हेच पहिले संरक्षण. आईसाठी डिंकाचे आणि अळिवाचे लाडू जरूर करावेत, पण भाजी, डाळ आणि भरपूर पाणीही तिला हवेच. कोंदट खोलीतली कोळशाची शेगडी मात्र टाळावी. तिचा धूर बाळ-बाळंतीण दोघांच्याही छातीत जातो.

पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडच्या अनेक कुटुंबांना यातले बरेच उसाच्या फडातच निभावावे लागते. दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघालेली टोळी मार्चपर्यंत परतत नाही. अशा वेळी कार्ड बरोबर नेणे आणि कारखान्याच्या तळाजवळचा सरकारी दवाखाना पोहोचताच शोधून ठेवणे हीच तयारी.

दवाखान्यातून घरी आल्यावर आशाताईंच्या सहा भेटी ठरलेल्या असतात. तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी त्या येतात, बाळाचे वजन करतात, नाळ पाहतात आणि आईला ताप आहे का ते विचारतात. गडचिरोलीत ‘सर्च’ या संस्थेने केलेल्या कामातून पुढे आलेली ही पद्धत आज देशभर आहे. बाळंतीण माहेरी असेल तर तिथल्या आशाताईंना तिचे नाव आठव्या महिन्यातच कळवून ठेवावे, म्हणजे तिसऱ्या दिवसाची भेट चुकत नाही.